शीतला पेटीचे आकडे

मुर्री, सोमवार, ५ मार्च १९३४

आजपासून मी, केशोराव टेंभरे, मॅट्रिक पास, सरकारी नोकर. चार वर्षं बाबांनी धानाच्या बांधीत चिखलात उभं केलं, आज एकदाचा खुर्चीवर बसलो. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. असू दे, खुर्ची ती खुर्चीच!

आमच्या आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, नोंद ठेवायची सवय अंगी मुरली पाहिजे. म्हणून घरीही ही वही घातली.

काम असं आहे. यंदा रेल्वेच्या लाईनीनं गावोगाव देवी पसरल्या आहेत. एरवी टीका टोचणं थंडीतच उरकतात, कारण लस उन्हात मरते आणि मेलेली लस कितीही टोचा, दंडावर फोड उठत नाही. फोड उठला नाही म्हणजे लेकरू देवीला उघडंच. यंदा मात्र साहेबांनी उन्हाळ्यातही टोचायचं ठरवलं आहे. लस नागपुराहून बर्फाच्या पेटीत येणार. लाकडी पेटी, तिच्यात टिनाचा डबा, मध्ये बर्फ आणि धानाचा कोंडा. दर सोमवारी दोन पेट्या: एक गोंदियाला आमच्या ऑफिसात राहील, दुसरी पुढच्या गाडीनं दरेकशाला जाईल. गोंदियाच्या पेटीचं टेंपरेचर दर तासाला पाहून वहीत लिहायचं, हे माझं काम. दरेकशाच्या पेटीला थर्मामीटर मंजूर नाही. तिचं काय व्हायचं ते देव जाणे.

नोकरी जूनपर्यंत कच्ची. वही चांगली राहिली तर पक्की करू म्हणाले.

पहिल्याच दिवशी एक घोटाळा. पेट्यांवर 'शीतल पेटी' रंगवायला मुन्नालाल पेंटरला बोलावलं होतं. त्यानं दरेकशाच्या पेटीवर एवढा रंग थापला की ल वरून ओघळ खाली आला आणि काना होऊन बसला. झालं 'शीतला पेटी', देवी आणणाऱ्या मायचंच नाव! मी म्हटलं, अरे, पूस ते. तर म्हणतो, "बाबूजी, गीला है, पोछूंगा तो और फैलेगा." तेवढ्यात गाडी सुटली. माझा चपराशी उदाराम मात्र पेटी चढवताना तिला हात जोडून आला. अडाणी.

मंगळवार, ६ मार्च

सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत तेरा नोंदी. एकही चुकली नाही.

पद्धत मीच बसवली. ठोका पडला की उदाराम वरचं झाकण काढतो, मग आतलं. डबा दाराशी उन्हात आणतो, कारण आमची खोली टिनाच्या छपराची आणि आत उजेड कमी. पाऱ्याची रेघ बारीक, अंधारात वाचली तर एखादा अंश इकडचा तिकडे होईल. मी वाचतो. मग उदारामला वाचायला लावतो, त्याला आकडे येत नाहीत म्हणून मीच पुन्हा वाचतो. मग लिहितो, शाई वाळवतो, लिहिलेलं पाऱ्याशी ताडून पाहतो आणि मगच झाकण. घाई म्हणून नाही.

सकाळी सहाला ३९ फॅरनहाइट (३२ला पाणी गोठतं), बाराला ५८, चारला ७०. बर्फ फारच लौकर जातो. कंत्राटदार हलका बर्फ देतो, दुसरं काय! वर कळवलं आहे.

संध्याकाळी टीकेवाले चुन्नीलाल आमच्या गावी, मुर्रीत आले. बत्तीस लेकरं टोचली. आमची रुख्माही टोचली. दीड वर्षाची झाली; थंडीत खोकला होता म्हणून राहिली होती, माझ्या जिवाला घोर होता. शेजारच्या केवळरामची नंदा, पाच वर्षांची, ती मुळीच रडली नाही. उलट मला म्हणाली, "बाबूकाका, मी नाइ रडली, लिहा." मी लिहिलं नाही, तसा रकाना नाही.

बुधवार, १४ मार्च

चुन्नीलाल आठ दिवसांनी दंड पाहायला आले. बत्तीसपैकी एकाचाही उठला नाही. रुख्माचा दंड कोराच. चुन्नीलाल माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "बाबूजी, एक का भी नहीं उठा."

मी म्हटलं, "मग टोचण्यात खोट असेल."

"हाथ तो वही है. दरेकसा में अठ्ठाईस टोचे, सत्ताईस उठे."

दरेकशाला! जिथं थर्मामीटर नाही, वही नाही, बाबू नाही. आंधळ्याच्या गाई देव राखतो, एवढंच म्हणायचं.

उदारामकडून चौकशी केली. तिथं स्टेशनच्या प्याऊवर पाणी पाजणारी धुरपताबाई नावाची म्हातारी आहे, मातामायचं ठाणंही तीच झाडते. पेटीवरचा तो ओघळ कुणी वाचून दाखवला आणि तिनं डिक्लेअर करून टाकलं की शीतलामाय नागपुराहून बर्फात बसून आली. आता पेटी कडुनिंबाखाली, खड्ड्यात. वर ओलं पोतं, त्यावर निंबाचे डगाळे. दिवसातून दहादा पाणी शिंपडते. आणि कुणाला झाकणाला हात लावू देत नाही! म्हणते, मायच्या घरात डोकावलं तं माय कोपते. चुन्नीलाल तिथं टोचायला गेले की त्यांच्यापुरतं एकदाच उघडते, तेही आंघोळ करून.

सरकारी मालाची अशी विटंबना. साहेबांना लिहावं की नाही, विचारात आहे.

शनिवार, १७ मार्च

आज साहेब स्वतः आले! माझी वही पानन्‌पान पाहिली. आकड्यांवर नजर थांबली नाही, थेट रकान्यांवर गेली. एकही रकाना रिकामा नाही. म्हणाले, सबंध लाईनीवर अशी वही पाहिली नाही. मी धीर करून म्हटलं, हुजूर, टीका मात्र उठत नाही. साहेबांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, मग देखरेख कमी पडते आहे. दर अर्ध्या तासाला पाहा.

हेच माझ्या मनात होतं. मोठ्या माणसांचं असंच असतं, बोट बरोबर दुखऱ्या जागेवर.

घरी सांगितलं. आमच्या मंडळीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि रुख्माचं काय?" बाईमाणसाला हुद्द्याचं काय कळणार.

मंगळवार, २७ मार्च

मागच्या आठवड्यात अर्ध्या तासानं पाहिलं, पंचवीस नोंदी. बर्फ दुपारी दोनलाच पाणी. त्यातूनच मुर्रीत वीस तारखेला पुन्हा टोचलं. आज दंड पाहिले. पुन्हा शून्य. रुख्माचे आता दोन्ही दंड कोरे आणि पोरगी चुन्नीलालची पिशवी दिसली तरी आकांत करते.

आता बर्फवाल्याची कंप्लेंट नंबर तीन. आणि पारा नीट दिसावा म्हणून भिंग मागवलं आहे. भिंगानं वाचायला वेळ जास्त लागेल, पण काम चोख होईल.

दरेकशाला म्हणे तीसपैकी तीस. मला रात्री जेवण गेलं नाही.

दरेकसा, बुधवार, ४ एप्रिल

साहेबांची परवानगी काढून दरेकशाच्या पेटीसोबत सोमवारी इथं आलो, थर्मामीटर घेऊन. गोंदियाची पेटी तीन दिवस उदारामच्या हवाली. त्याला आकडे येत नाहीत, तेव्हा तिचे रकाने रिकामे राहणार, इलाज नाही.

धुरपताबाई हाडांचा सापळा आहे, पण आवाज इंजिनाच्या शिट्टीसारखा. मी झाकणाला हात घातला तशी काठी आडवी घातली.

"काऊन उघडता जी?"

"टेंपरेचर पाहायचं आहे."

"म्हंजे का?"

"आत गार आहे की गरम, ते."

"गारच हाये. मी पानी टाकून राहिली ना."

"पण किती गार?"

म्हातारीनं पोत्यावर आणखी एक लोटा पाणी ओतलं. मग म्हणाली, "बाबू, घरी लेकरू झोपलं रायते तं तुमी त्याले दर घडीले उठवून इचारता का, झोप लागली का मनून?"

लोक हसले. स्टेशन मास्तरही हसले. मी सरकारी हुकूम काढून मोठ्यानं वाचला, मोहोर दाखवली. मोहोरेपुढं म्हातारीचं काही चाललं नाही. ती ठाण्यापाशी जाऊन बसली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातानं पाठवलं.

पहिली नोंद ३८. इतका चांगला आकडा मी गोंदियाला कधी पाहिला नव्हता, मन प्रसन्न झालं. मग मात्र दर अर्ध्या तासाला घसरण. आज चुन्नीलाल आले तेव्हा ७३. तरी त्यांनी टोचलं.

गुरुवार, १२ एप्रिल

चुन्नीलालचा निरोप. काल त्यांनी दरेकशाचे दंड पाहिले: सव्वीसपैकी दोन.

म्हणजे माझा संशय खराच होता. दरेकशाची पेटीही पहिल्यापासून खराबच होती. कुणी पाहत नव्हतं म्हणून कळत नव्हतं. रिपोर्टात तसं स्पष्ट लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र उमगेना. उदारामच्या हवाली होती त्या आठवड्यातली गोंदियाची पेटी. त्यानं तीन दिवस ती एकदाही उघडली नाही, पोतं टाकून वर बसून राहिला, बिडी ओढत. त्या पेटीतून रावणवाडीला टोचले, बावीसपैकी वीस उठले. उदाराम म्हणतो, "नशीब जी." मीही तसंच समजतो. मुर्रीची पाळी मात्र त्याच आठवड्यात नव्हती. नशीब म्हणतात ते हेच.

रविवार, १५ एप्रिल

केवळरामच्या घरी देवी आल्या. नंदाला. अंगभर.

दाराला निंबाचा डगाळा लागला आहे. घरात फोडणी बंद, चुलीची आच कमी, कुणी मोठ्यानं बोलत नाही. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. रुख्मा दिवसभर अंगणात नंदाला हाका मारते आणि आमची मंडळी तिला ओढून आत नेते. मी घाबरलो आहे. लिहायला लाज कसली, मी फार घाबरलो आहे. उद्याच्या पेटीची पंधरा पंधरा मिनिटांनी नोंद घेईन. आता कसूर ठेवणार नाही.

मंगळवार, १७ एप्रिल

पहाटे उठलो तर आमची मंडळी आणि रुख्मा दोघीही घरात नाहीत. आई म्हणाली, "रुख्माले घेऊन गेली दरेकशाले. उदारामची बायको सोबत हाये."

मला न विचारता! ज्या पेटीची नोंद नाही, जी पेटी खराब असल्याचा रिपोर्ट मी स्वतः सही करून पाठवला, त्या पेटीकडे माझी बायको माझी मुलगी घेऊन गेली. उद्या हे साहेबांच्या कानावर गेलं तर? नोंदी एकोणपन्नास घ्यायच्या, त्यातली एक चुकली. आयुष्यात पहिली.

गुरुवार, १९ एप्रिल

आईला कणकण आहे म्हणून भात मीच टाकला. किती शिजला ते चार चार मिनिटांनी नीट पाहत होतो. तासाभरानंही कच्चाच. यंदाचा तांदूळच खराब. आईनं खाटेवरून पाहिलं आणि भिंतीकडं तोंड करून हसली. आजारी माणसाला काय बोलावं.

गुरुवार, २६ एप्रिल

मंडळी परत आली. मी बोलायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तिनं सरळ रुख्माच्या झबल्याची बाही वर केली.

उठला आहे. चांगला टपोरा, मोत्याएवढा, भोवती लाली. रुख्मा म्हणाली, "बाऊ." मी तिला कडेवर घेतलं आणि मला रडू आलं. अंगणात, सगळ्यांदेखत.

रात्री जेवताना मी म्हटलं, "पण टेंपरेचर किती होतं, कुणी पाहिलं का?"

ती म्हणाली, "अवो, तुमी पायता मनूनच गरम होते. थंडी का दोरीनं बांधली हाये? झाकन काढलं का निंगून जाते. तिकडं कोनी काढत नाइ, मनून रायते. एवढं मॅट्रिक झाले तुमी!"

हा काही शास्त्रीय खुलासा नव्हे. साहेबांनी तसं कुठं म्हटलेलं नाही. पण झोप येत नाही.

शुक्रवार, २७ एप्रिल

नंदा वाचली. डावा डोळा गेला.

केवळराम संध्याकाळी ऑफिसात आला. चपला बाहेर काढल्या, पागोटं हातात घेतलं. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाबू, तुमच्या वहीत माह्या पोट्टीचा आकडा केवढा हाये जी?"

मी वही काढली. "सहा मार्च. संध्याकाळी पाच. बाहत्तर." दुसऱ्यांदा टोचलं तोही दाखवला. एकोणऐंशी.

त्यानं वाकून पाहिलं. त्याला वाचता येत नाही. "अक्षर चांगलं हाये," म्हणाला. मग विचारलं, "हे आकडे चांगले होते का वाईट होते?"

मी म्हटलं, "बरोबर होते."

त्यानं पागोटं डोक्यावर चढवलं. "बरोबर होते तं मंग तिचा डोरा काऊन गेला?" एवढंच विचारलं, उत्तराची वाटही पाहिली नाही. राम राम करून गेला.

शनिवार, २८ एप्रिल

साहेबांचं पत्र. तीन गोष्टी. एक, माझी वही नमुना म्हणून सर्व स्टेशनांना पाठवली आहे. दोन, एक जूनपासून मी पक्का. तीन, दरेकशाच्या पेटीलाही थर्मामीटर मंजूर. येत्या फेरीत मी स्वतः जाऊन दर अर्ध्या तासाची नोंद सुरू करावी, आणि एकही रकाना रिकामा आढळल्यास दरेकशाची पेटी कायमची बंद.

बाबांनी पेढे वाटले. केवळरामच्या घरी मात्र आमच्याकडून कुणी गेलं नाही. मी उत्तर लिहायला बसलो: हुजूर, झाकण उघडल्याने... इथंच अडलो. काय लिहू? मला बायकोनं सांगितलं? तीन कागद फाडले.

दरेकसा, बुधवार, २ मे

सोमवारपासून इथं आहे. पेटी उतरली तेव्हा धुरपताबाई काठी घेऊन आधीच उभी होती. ऊन असं की रुळांवरून वाफ दिसते. पहाडापलीकडच्या दोन गावांतून लोक लेकरं घेऊन आले आहेत, तिकडं देवी पोचल्या आहेत. एकूण एकतीस लेकरं. झाडाखाली सगळी सावली त्यांनीच भरली आहे.

मी वही आणि थर्मामीटर घेऊन पेटीशेजारी बसलो. म्हातारी म्हणाली, "उघडा बाप्पा. मोहोर हाये तुमच्यापाशी."

मी म्हटलं, "धुरपताबाई, पोतं वाळलं, पाणी टाका."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाणी टाकलं आणि पहिल्यांदा मलाही स्वतःच्या हातानं लोटा दिला.

घड्याळ समोर ठेवून मी सोमवार, मंगळवार आणि आज सकाळ बसून काढली. दर अर्ध्या तासाला एक रकाना. झाकणाला हात लावला नाही. ४०. ४०. ४१. ४०. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून मध्ये एकदा ४२ घातला. अक्षर माझं वाटत नाही. एका बाईनं विचारलं, "बाबू का लिहून राहिले?" धुरपताबाई म्हणाली, "मायचं नाव लिहून राहिला. लिहू दे, त्रास नोको देऊ."

अकराला चुन्नीलाल आले. म्हातारीनं आंघोळ करून पेटी उघडली. बर्फ अर्ध्याच्या वर शिल्लक होता. थर्मामीटर खिशातच होता, पण मी तो काढला नाही. मला आकडा बघायची हिंमत झाली नाही.

मुर्री, गुरुवार, १० मे

चुन्नीलालचा निरोप आला. एकतीसपैकी एकतीस.

साहेबांनी दरेकशाचं पान पाहून शेरा मारला: अर्ध्या तासाच्या देखरेखीचा हा परिणाम; आता सर्वत्र पंधरा मिनिटांची करावी. पुढच्या आठवड्यात सहा स्टेशनांचे बाबू माझ्याकडे शिकायला येत आहेत. त्यांना नोंद कशी घ्यायची ते मी शिकवीन. पेटीवर पोतं टाकून उदारामसारखं वर कसं बसायचं, तेही शिकवीन, पण ते ऑफिसबाहेर, चहा पिताना.

मंडळीला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मंग चांगलंच केलं ना!" तिला काय जातं बोलायला. सही माझी आहे. आज दोन महिन्यांची सबंध वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. सहा मार्चची, वीस मार्चची, नंदाची, रुख्माची, सगळी पानं पाऱ्याशी दोनदा ताडून लिहिलेली, एका अंशाचीही चूक नाही. या एवढ्या वहीत दरेकशाचं तेवढंच एक पान खोटं आहे.